ओर्ताच्या मुखपृष्ठावरची ओळ

संपादक महोदय,

गार्सिया द ओर्तावरचा रविवार पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. आमचे तीन पिढ्यांचे काष्ठौषधींचे दुकान आहे. हिंग, हिरडा, जायफळाच्या वासात वाढलेल्या मला 1563 साली गोव्यात याच वस्तूंवर पुस्तक छापणारा हा पोर्तुगीज वैद्य घरचाच वाटतो. आपला हिंग त्याच्या पानांत ‘इंगु’ होऊन भेटतो तेव्हा फार बरे वाटते. पण लेखात त्याला सरळ ‘धर्मनिष्ठ कॅथलिक’ म्हटले आहे, ते मनाला लागले.

लेखासोबत तुम्ही त्या पुस्तकाचे मुखपृष्ठ छापले आहे. ते भिंग घेऊन पाहा. वैद्याच्या नावापाठोपाठ लिहिले आहे, की हा मजकूर इन्क्विझिटर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचे न्यायाधीश, आलेइशु दियश फाल्कांव यांनी पाहिला आहे. गोव्यात हे धर्मन्यायालय, इन्क्विझिशन, बसून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. हिरड्या-बेहड्यांचे पुस्तकही त्या नजरेखालून जात होते.

ओर्ताचे आईवडील 1492 मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये 1497 साली त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती झाली. मुलगा वैद्य होऊन 1534 मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी गेला. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. पुस्तकात एकदा मुंबईचे कूळ आंब्यांची टोपली घेऊन दारात येते, आणि माझ्या बेटावर वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड आहे, असे ओर्ता कौतुकाने सांगतो. स्वतःबद्दल इतका मोकळेपणाने बोलणारा हा माणूस आईवडिलांच्या धर्माविषयी मात्र अवाक्षर काढत नाही.

पुस्तक संवादरूप आहे. त्यातले स्पेनमध्ये शिकलेले पात्र रुआनो ग्रंथांचे दाखले देते आणि ओर्ता स्वतः पाहिलेले सांगून ते खोडतो. एका ठिकाणी तो म्हणतो, की मी स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध, त्या प्रमाण मानल्या गेलेल्या प्राचीन ग्रीक वैद्याविरुद्ध, बोलायची माझी छाती झाली नसती. तरुणपणी मला यात नुसते धाडस दिसले होते. आता वाटते, कुठे तोंड उघडायचे आणि कुठे मिटायचे याचा हिशेब रोज मांडावा लागणाऱ्याचे हे वाक्य आहे. गॅलनची चूक दाखवता येत होती. घरातली प्रार्थना कागदावर आणता येत नव्हती.

तो 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, 25 ऑक्टोबर 1569 रोजी, त्याची बहीण कातारिना हिला छुपेपणाने ज्यू धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जाळले. नातलगांच्या जबान्यांत गार्सियाचेही नाव निघाले. 1580 मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. ज्या न्यायासनाचा शेरा पुस्तकावर आहे, त्याच न्यायासनाने हे केले. तपासणाऱ्याला खोडण्यासारखे काही सापडू नये म्हणून त्या वैद्याने किती वाक्ये लिहिण्याआधीच गिळली असतील! ‘धर्मनिष्ठ’ या एका शब्दाने आपण ती पुन्हा पुसतो आहोत.

माझी विनंती एवढीच, की ते मुखपृष्ठ पुन्हा छापाल तेव्हा इन्क्विझिटरच्या नावाची ओळ मराठीत खाली द्या, आणि शेजारी कातारिनाचे नाव छापा.

– आपला एक जुना वाचक, गिरगाव, मुंबई