रबरबँड लावलेल्या लॅपटॉपसाठी, काकांना

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे उघड पत्र. चार माणसं वाचतील, आणि तुम्हाला मध्येच ठेवता येणार नाही.

शनिवारी शाळेच्या लॅबमध्ये बारा मशिनवर आपलं ग्लायडर उडालं, म्हणजे बिनइंजिनाचं विमान पडद्यावर उडवायचा आपला प्रोग्रॅम चालला. 'आपलं' म्हटलं की तुम्ही चिडता, तरी म्हणतो. मशिन तुम्हाला ठाऊकच आहेत: ४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नावाला नाही, दोन कीबोर्डांची स्पेसबार अडकते. आठवीतली एक मुलगी सिंहगडाच्या उताराला धरून चालली होती. पश्चिमेचा वारा डोंगरावर आपटून वर चढतो आणि ग्लायडरला उचलतो, एवढंच मी फळ्यावर सांगितलं होतं. दहा मिनिटांनी पाहतो तर ही पोरगी काट्यांकडे बघतच नाही, व्हॅरिओमीटरच्या (विमान चढतंय की उतरतंय ते सांगणाऱ्या यंत्राच्या) टीं-टीं आवाजावर उडवतेय. मला विचारते, "सर, टीं-टीं बंद झालं की वळायचं ना?" हे मी शिकवलेलं नव्हतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून व्हरांड्यात गेलो.

आता थोडं मागचं. ते मनात साचलंय, आणि इथे नाही काढलं तर बायकोला ऐकावं लागेल.

या प्रोग्रॅमसाठी कुठल्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले तयार कोड, घ्याव्यात हे मी तुमच्याआधी तिघांना विचारलं होतं. पहिला माझा वर्गमित्र, मोठ्या पगाराचा. "अरे कुठल्या जमान्यात आहेस? गेम इंजिन घे, दोन वीकेंडचं काम," म्हणाला. दुसरे एक सल्लागार. त्यांनी तर चाळीस स्लाइडी दाखवल्या, हिरव्या-लाल चौकटींचे तक्ते, आणि शेवटच्या स्लाइडवर 'किमान आवश्यकता' म्हणून असं ग्राफिक्स कार्ड की त्या पैशात शाळेच्या लॅबची निम्मी मशिन बदलली असती. तिसरे एक प्राध्यापक. ते म्हणाले, "फ्लाइटगिअर आहे की, तू वेगळं काय करणार?" फ्लाइटगिअर म्हणजे विमान उडवायचा फुकट मिळणारा मोठा प्रोग्रॅम, तेव्हा प्रश्न रास्त होता. पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. लॅबच्या मशिनवर फ्लाइटगिअर धापा टाकत होतं, आणि मला लागणार होतं एक ग्लायडर, लहानपणी हडपसरला पाहिलेली तशी दोरीने ग्लायडर ओढून उडवणारी एक विंच आणि मराठीतल्या सूचना. बस.

मित्राचं ऐकलं. दोन वीकेंडचे चार महिने झाले. ग्लायडर उडायचं, पण धावपट्टी थरथरायची. थंडी वाजल्यासारखी. मी रात्र-रात्र स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. मित्राला विचारलं तर त्याने एक लिंक पाठवली, तिच्याखाली अंगठ्याचं चित्र.

तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. पहिला: "जागेचे आकडे फ्लोटमध्ये ठेवलेस का?" हो. "आणि मोजतोस कुठून, पृथ्वीच्या मध्यापासून?" तेही हो. मग तुम्ही हसलात. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३ लाख ७० हजार मीटर. एवढा आकडा ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे आकडे ठेवायच्या छोट्या डब्यात, कोंबला की दोन शेजारच्या आकड्यांत अर्ध्या मीटरचं अंतर पडतं. म्हणजे धावपट्टीचा प्रत्येक कोपरा दर फ्रेमला अर्ध्या मीटरच्या खुंट्यांवर उड्या मारतोय. माझ्या कोडची चूक नव्हती, चूक निवडीत होती. ते इंजिन एखाद्या किल्ल्याएवढं जग दाखवायला बनवलेलं, आणि मी त्यात अख्खी पृथ्वी भरत होतो. ओपनसीनग्राफ या चित्र काढणाऱ्या लायब्ररीच्या मॅट्रिक्स (जागेचं गणित करणारे तक्ते) मुळात डबलमध्ये, म्हणजे दुप्पट बिटांत, चालतात, हे तुमच्याकडूनच कळलं.

पण आभार त्या ज्ञानासाठी नाहीत. ज्ञान असलेली माणसं मला आधीही भेटली होती. आभार दुसऱ्या प्रश्नासाठी: "पोरं कुठल्या मशिनवर चालवणार आहेत?"

काका, वर्षभरात हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे मला त्यांच्या टेबलावरच्या मशिनसाठी सल्ला देत होते.

मी मशिनची माहिती पाठवली. त्यानंतर आठ दिवस तुमचा फोन नाही. मला वाटलं, झालं, हेही गेले. नवव्या दिवशी एक फोटो आला. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची कोरी पाठ, तिच्यावर पेन्सिलीने आखलेले तीन रकाने: लायब्ररी, बिल्डला (कोडचा चालता प्रोग्रॅम बनवायला) लागलेला वेळ, सेकंदाला किती फ्रेम. माळ्यावरून जुना लॅपटॉप काढून, रॅमची एक पट्टी उपसून तुम्ही तो मुद्दाम ४ जीबीवर आणला होतात. एकेक लायब्ररी त्यावर स्वतः कंपाइल करून बघितली होतीत. ओपनसीनग्राफपुढे '१ तास ४० मि., २४ फ्रेम, पुरे'. दुसऱ्या एका चकचकीत नावावर काट मारून शेजारी बारीक अक्षरात: 'चहा करून, पिऊन, कप विसळून आलो. पहिली फ्रेम अजून नाही.' फोटोच्या कोपऱ्यात लॅपटॉपची तुटलेली बिजागरी आणि तिला लावलेला दुधाच्या पिशवीचा रबरबँड दिसत होता.

तो फोटो मी अजून डिलीट केलेला नाही. करणारही नाही.

बाकीचं सगळं त्यानंतर सोपं गेलं, म्हणून भराभर सांगतो. मी म्हणालो होतो, ओपनसीनग्राफ तर म्हातारं झालंय, त्याचे कर्तेसुद्धा व्हल्कन या ग्राफिक्सच्या नव्या पद्धतीवरच्या कामाकडे वळलेत. तुम्ही म्हणालात, "तुझ्या लॅबच्या मशिनला व्हल्कन कळत नाही. म्हाताऱ्याला म्हाताराच सोबतीला दे." पण लगेच बजावलंत की त्याचं नाव कोडभर पसरू देऊ नकोस, एका फोल्डरात कोंडून ठेव. आणि मग फ्लाइटगिअरची गोष्ट सांगितलीत. १९९७ मध्ये सुरुवात झाली तेव्हा उड्डाणाचं गणित नासाच्या लार्कसिमचं होतं, पुढे जेएसबीसिम आणि यासिम आले. चित्र काढायला आधी पीलिब होती. २००८ च्या डिसेंबरात १.९.० आवृत्ती निघाली ती ओपनसीनग्राफवर, पण पीलिब काही घर सोडून गेली नाही. जॉयस्टिक आणि मेनूपुरती ती कितीतरी वर्षं मागच्या खोलीत राहिली. "लायब्ररी आणताना तिला निरोप कसा देणार तेही बघून ठेवावं," हे तुमचं वाक्य मी मॉनिटरवर चिकटवलंय.

उड्डाणाच्या गणिताला जेएसबीसिम घेतलं. ते चित्राशिवाय, नुसतं आकड्यांवर चालवून बघता येतं, म्हणून पहिला महिना आपण पडद्यावर काहीच न काढता फक्त ग्लायडर खाली येण्याचे दर तपासले. गणिताची सेकंदाला १२० पावलं ठरलेली, चित्र २४ फ्रेमचं असो की १० चं. आधी मी गणित फ्रेमलाच बांधलं होतं, त्यामुळे मशिन दमलं की चाकाची स्प्रिंग ग्लायडरला टेकताक्षणी चेंडूसारखी उडवायची. आवाजाला ओपनएएल. डोंगरांची उंची एसआरटीएमची, २००० च्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने मोजलेली. ती वाचायला मी जीडाल ही नकाशांच्या फायली वाचणारी लायब्ररी आख्खी जोडली होती. तुम्ही विचारलंत, "जी एकदाच आणि तुझ्या घरी लागते, ती शाळेत कशाला पाठवतोस?" डोंगर घरी कापून छोट्या फायली केल्या, इन्स्टॉलर एकदम हलका झाला. झाडांच्या पॅकच्या लायसन्समध्ये 'व्यावसायिक वापर नाही' ही ओळ होती. जीपीएल या मुक्त लायसन्सखाली वाटायच्या प्रोग्रॅममध्ये ती चालत नाही, हेही चष्मा कपाळावर सरकवून तुम्हीच वाचून दाखवलंत. झाडं काढली. सिंहगड सध्या बोडका आहे. पोरांची तक्रार नाही.

परवा तो वर्गमित्र भेटला. "शेवटी जुनंच घेतलंस?" म्हणाला. मी काही बोललो नाही. त्याचा राग आता येत नाही, खरं सांगतो. म्हणजे थोडा येतो. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्याने सांगितलं. पण समोरच्याच्या खुर्चीत जाऊन बसायला त्याला वेळ नव्हता आणि तुम्हाला होता, असंही म्हणवत नाही, कारण त्या आठ दिवसांत काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं हे मला नंतर कळलं. तुम्ही बोलला नाहीत. रात्री त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायला उठायचात आणि येता-जाता बिल्ड कुठवर आलाय ते बघायचात, हे काकूंनीच सांगितलं. वर "ह्यांना तेवढीच करमणूक" असंही.

असे भले लोक जगात बरेच असावेत असं मला हल्ली वाटायला लागलंय. जेएसबीसिम ज्यांनी लिहिलं, ओपनसीनग्राफ ज्यांनी इतकी वर्षं सांभाळलं, त्यांच्यातल्या एकालाही मी ओळखत नाही, आणि त्यांना तर आमच्या शाळेचं गावही ठाऊक नसेल. तरी त्या मुलीच्या टीं-टींमध्ये त्यांचा हात आहेच. फक्त त्यांचं काम आमच्या लॅबपर्यंत आणायला मध्ये कुणीतरी रॅमची पट्टी उपसणारं लागतं.

लॅपटॉप परत द्यायला रविवारी सकाळी येतो. पेठेतल्या दुकानात बिजागरी बसवून घेतली आहे, पैशांचा विषय काढू नका. रॅमची पट्टी लावून दिली आहे. रबरबँड पिशवीत वेगळा ठेवलाय, तुम्ही तो फेकू देणार नाही हे माहीत आहे.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
धावपट्टीवाला