हेंडलरसाहेब, अख्खं दुकान घेतल्याबद्दल

कै. एल. मॅन्युएल हेंडलर, बाल्टिमोर यांस

सादर नमस्कार.

आपली ओळख आइस्क्रीमचे कारखानदार अशी. तरीही १९३३च्या मंदीत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचं स्टेबलर-लेडबीटर औषधालय बंद पडलं, तेव्हा लिलावात आतलं सगळं सामान आपण ८५० डॉलरला घेतलंत, म्हणून ते एकत्र राहिलं. औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा सर्वांतर्फे त्याबद्दल मनापासून आभार.

१७९२मध्ये एडवर्ड स्टेबलर यांनी थाटलेलं हे दुकान पुढे जावई जॉन लेडबीटर यांच्या घराण्यात आलं. सुटा खलबत्ता जुन्या बाजारात कुठेही मिळेल. तो कशासाठी झिजला हे मात्र शेजारच्या खणांवरूनच कळतं. इथे ते खण आतल्या औषधांसकट आहेत. 'ड्रॅगन्स ब्लड' लिहिलेल्या खणातली तांबडी राळसुद्धा!

गोळ्या वळायचंच घ्या. प्रत्येकी २ ग्रेनच्या (ग्रेन हे जुनं माप, सुमारे ६५ मिलिग्रॅम) २४ गोळ्या म्हणजे ४८ ग्रेन, सुमारे ३.१ ग्रॅम लगदा. औषध खलात बारीक घोटायचं, ज्येष्ठमधाची पूड घालायची, मध किंवा डिंकाचं पाणी थेंबाथेंबानं देत घट्ट मळायचं. मग लांब वळी करून खाचांच्या पितळी पट्टीवर कापायची. पाणी जास्त झालं तर गोळ्या बसक्या होतात, कमी पडलं तर वळीला चिरा जातात. घोटणं अपुरं राहिलं तर दोष दिसतच नाही, आणि तोच सर्वांत घातक: एका गोळीत औषध जास्त, दुसरीत नावाला. म्हणून अनुभवी हात घोटण्यात घाई करत नाही.

असा संग्रह सांभाळणंही जोखमीचं. सोनेरी अक्षरांच्या बरण्या ओल्या फडक्यानं पुसल्या तर अक्षरं निघू शकतात. जुन्या औषधालयांत पारा आणि आर्सेनिकची संयुगं असतात. पिक्रिक आम्ल सुकलं की हादऱ्यानं स्फोट होऊ शकतो, त्यामुळे अनोळखी बाटलीचं बूच कधीच फिरवू नये.

१९३९मध्ये तिथे संग्रहालय उघडलं, २००६मध्ये ते शहराकडे आलं. त्या दुकानाच्या दप्तरात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या घराहून आलेली १८०२ची एक चिठ्ठी आहे: मिसेस वॉशिंग्टन (जॉर्ज यांच्या पत्नी मार्था) यांना उत्तम एरंडेलाची क्वार्टभर (सुमारे एक लिटर) बाटली हवी आहे, सोबत बिलही पाठवावं.

आपले ऋणी,
औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षक