संगीत कारंजे होईल, पण बकुळीचे आळे कोण करणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर ‘शहरातील उद्यानांचे रूपडे पालटणार’ ही बातमी वाचली. रूपडे पालटताना मी यापूर्वी दोन वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि दोन्ही वेळा ते पालटून झाल्यावर बसायला सावली थोडी कमीच उरली होती. या खेपेस सेल्फी पॉइंट, रंगीत दिवे, लॉन आणि संगीत कारंजे होणार असल्याचे समजले. आपल्या गावात नळाला आठव्या दिवशी पाणी येते. कारंज्याला कितव्या दिवशी येणार, हे मात्र बातमीत दिलेले नाही.

मला पत्र लिहायला बसवले ते बातमीसोबतच्या छायाचित्राने. त्यात डावीकडे दिसणाऱ्या झाडाला आपण ‘जांभळाचा डेरेदार वृक्ष’ म्हटले आहे. ते जांभूळ नाही, ती बकूळ आहे. आणि डेरेदार ती होती. छायाचित्र बरेच जुने असावे, कारण तिचा पूर्वेकडील शेंडा आज वाळलेला आहे.

१९८३ साली मी बदली होऊन या गावात आलो तेव्हाही या बकुळीच्या सावलीत दुपारी दहा-बारा माणसे सहज बसत असत. बागेला त्या वेळी स्वतःचा माळी होता. उन्हाळा लागला की तो खुरप्याने तिचे आळे मोकळे करी, त्यात वाळलेला पाला पसरून वर माती ओढी आणि संध्याकाळी पाणी सोडी. बकुळीच्या गळलेल्या फुलाला मध्ये आपसूक भोक असते. सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मुली सुई-दोऱ्यावाचून ती गवताच्या काडीत ओवून नेत. माळी निवृत्त झाला, त्याची जागा काही भरली नाही. आता एका एजन्सीची दोन मुले गवत कापायचे यंत्र घेऊन येतात आणि पडलेला पाला गोळा करून कोपऱ्यात पेटवून देतात. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना तेवढेच काम सांगितलेले आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या सुशोभीकरणात पायवाटेचे पेव्हर ब्लॉक थेट बकुळीच्या खोडाला भिडवण्यात आले. शेंडा वाळू लागल्यावर मी रीतसर अर्ज केला. काम अंदाजपत्रकाप्रमाणे पूर्ण झालेले असल्याने तक्रार निकाली काढल्याचे मला कळवण्यात आले. अंदाजपत्रकात झाड नसेल तर ते वाळले काय आणि राहिले काय, हे मला आधी सुचायला हवे होते.

शेवटी यंदा वैशाखात एका सकाळी, रोज फिरायला येणारे आम्ही तिघे, घरून पहार घेऊन गेलो आणि खोडाभोवतीचे अकरा ब्लॉक उचलले. खाली चार बोटे कच, त्याखाली काँक्रीटचा थर, आणि त्या दोहोंच्या सांध्यात सुतासारखी बारीक मुळे आडवी पसरलेली होती. खाली जाता येईना म्हणून ती बाजूला वाट शोधत निघाली होती. झाडाची अन्नपाणी घेणारी मुळे बरीचशी वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी मला दूरध्वनीवरून सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची समज देण्यात आली आणि तिसऱ्या दिवशी अकराही ब्लॉक पूर्ववत बसलेले होते, तेही या वेळी सिमेंटमध्ये. ज्या यंत्रणेला मोडकी घसरगुंडी दुरुस्त करायला एक वर्ष पुरले नाही, तिने अकरा ब्लॉक अठ्ठेचाळीस तासांत बसवले, याबद्दल तिचे जाहीर अभिनंदन.

एप्रिल २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांच्या खोडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. दिल्ली दूर आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्याच राज्याच्या १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाकडे बोट दाखवतो. त्यात झाड तोडणे या संज्ञेत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही धरलेले आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. बकुळीसारखे सावकाश वाढणारे झाड १९८३ मध्येच दहा-बारा माणसांना सावली देत असेल, तर तिने पन्नाशी केव्हा ओलांडली याचा हिशेब कठीण नाही. मग नुकसानीची समज नेमकी कोणाला मिळायला हवी होती?

नव्या कामाला निधी येतो, फीत कापली जाते, आपल्याकडे छायाचित्र छापून येते. खुरपे, शेणखत आणि एक कायम माळी यांच्यासाठी फीत कापता येत नाही, एवढीच बहुधा अडचण असावी.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, याच बागेत मागच्या सुशोभीकरणात बांधलेल्या स्वच्छतागृहाला पहिल्या दिवसापासून कुलूप आहे. किल्ली रखवालदाराकडे नाही, एजन्सीकडे नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी आता येणेच कमी केले आहे. कारंज्याआधी हे कुलूप निघाले तर त्यासाठी संगीत नसले तरी चालेल.

छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती आपण उद्याच्या अंकात करावी, ही विनंती. बकुळीभोवतीचा एक मीटर मृगाच्या आत मोकळा करून मिळावा, एवढेच संबंधितांकडे मागणे आहे. मनुष्यबळ नसल्यास आम्ही तिघे तयार आहोत, पहारही आमचीच आहे. काढलेले ब्लॉक कोठे जमा करावयाचे, तेवढे लेखी कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक