जलतरण स्पर्धेआधी पालकांचीही तयारी करून घ्यावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या जलतरण स्पर्धांचे निकाल वृत्तपत्रांत छापून येतात आणि प्रशिक्षकांच्या मेहनतीचीही अधूनमधून दखल घेतली जाते. परंतु आपले मूल पहिल्यांदा स्पर्धेत उतरते त्या दिवशी आईवडिलांनी नेमके काय करायचे आणि काय करायचे नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही. माझी मुलगी काही वर्षांपासून स्पर्धांमध्ये पोहते आणि तिच्यामुळे मीही तलावाच्या काठावर टाइमकीपर म्हणून काम करू लागले. तेथे उभे राहून जे दिसते त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, मुलांवर येणारा ताण पालकांच्या महत्त्वाकांक्षेतून जितका येतो, त्याहून अधिक त्यांच्या अपुऱ्या माहितीतून येतो. म्हणूनच प्रत्येक क्लबने आणि प्रशिक्षकाने पहिल्या स्पर्धेपूर्वी पालकांची एक बैठक घ्यावी, अशी विनंती या पत्राद्वारे करीत आहे.

अशा बैठकीत सर्वांत आधी सांगायला हवे ते वेळेविषयी, कारण बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात. एन्ट्री भरताना मुलाची आधीची वेळ नोंदवलेली असते आणि तिच्या आधारेच त्याची हीट (म्हणजे एका वेळी पोहणाऱ्यांचा गट) व लेन ठरते. आठ लेनच्या तलावात हीटमधील सर्वांत वेगवान एन्ट्रीला चौथी लेन मिळते, त्यानंतरच्यांना अनुक्रमे पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि आठवी. हे ठाऊक नसल्यामुळे आपल्या मुलाला मुद्दाम कडेची लेन दिली, अशी तक्रार घेऊन येणारे पालक जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत भेटतात. अनेक स्पर्धांमध्ये वेगळी अंतिम फेरी नसते आणि सर्व हीटमधील वेळा एकत्र करून क्रमांक लावले जातात. अशा वेळी आपल्या हीटमध्ये पहिले आलेले मूल पदकांच्या यादीत नसते आणि घरच्यांचा हिरमोड होतो. आधी कल्पना असती, तर त्याच मुलाने स्वतःची जुनी वेळ मागे टाकली याचा आनंद सर्वांनी मिळून घेतला असता.

तलावाच्या लांबीचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. स्पर्धा पन्नास मीटर लांबीच्या तलावात होतात तशा पंचवीस मीटरच्या तलावातही होतात, आणि या दोन्हींतील वेळांची थेट तुलना करता येत नाही. शंभर मीटरच्या शर्यतीत लांब तलावात एकच टर्न, म्हणजे भिंतीपाशी घ्यायचे वळण, येतो, तर लहान तलावात तीन. प्रत्येक टर्नला भिंतीला पाय रेटून वेग मिळत असल्याने लहान तलावातील वेळ साहजिकच कमी भरते. जागतिक संघटना, म्हणजे वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स, दोन्ही लांबींचे विश्वविक्रम वेगवेगळे ठेवते ते याच कारणाने. तरीही लहान तलावात चांगली वेळ दिलेले मूल पुढच्या महिन्यात लांब तलावात उतरते, वेळ वाढलेली दिसते आणि ‘सरावात लक्ष नाही’ असा निष्कर्ष घरी परस्पर काढला जातो. त्या मुलाने कदाचित आपली सर्वोत्तम शर्यत पोहलेली असते. या एका गोष्टीवरून मुलांना ऐकून घ्यावे लागलेले बोल मी काठावर इतक्या वेळा ऐकले आहेत की, बैठकीत दुसरे काहीही सांगायचे राहिले तरी चालेल, पण एवढे अवश्य सांगावे असे मला वाटते.

वयोगटांचेही तसेच आहे. गट बहुधा दोन-दोन वर्षांचे असतात, त्यामुळे नव्या गटात प्रवेश करणारे मूल त्या वर्षी आपोआप सर्वांत लहानांपैकी एक ठरते आणि आदल्या वर्षीचा विजेता मागे पडतो. त्यात वयात येण्याचा काळ प्रत्येकाचा निराळा असतो. लवकर उंची वाढलेली मुले काही वर्षे सहज पुढे राहतात, आणि उशिरा वाढणारी मुले नंतर त्यांना गाठतात. काही काळ वेळ तिळमात्रही कमी होत नाही, कारण हातापायांची लांबी बदलली की पाण्यातला तोल आणि स्ट्रोक (हात मारण्याची पद्धत) पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. हा काळ धीराने काढायचा असतो, आणि तो धीर मुलाच्या आधी आईवडिलांकडे असावा लागतो.

दुसरा मोठा विषय बाद ठरण्याचा. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या पोहण्याच्या प्रकारांमध्ये प्रत्येक टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. बॅकस्ट्रोकमध्ये शर्यत पाठीवर असतानाच संपवावी लागते. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीनंतर व प्रत्येक टर्ननंतर पंधरा मीटरच्या आत डोके पाण्याबाहेर यावे लागते. आणि सुरुवातीच्या इशाऱ्याआधी झेप घेतली तर दुसरी संधी मिळत नाही. लहान मुलांकडून या चुका होतातच. चूक दिसल्याची खूण म्हणून पंचाने हात वर केला म्हणजे त्याने आपल्या मुलावर अन्याय केला असे नसते, आणि तो मुलाच्या नावाला लागलेला डागही नसतो. ऑस्ट्रेलियाचा इयान थॉर्प हा ४०० मीटर फ्रीस्टाइलचा ऑलिंपिक विजेता आणि विश्वविक्रमवीर. २००४ साली ऑलिंपिक निवड चाचणीत तो स्टार्टिंग ब्लॉकवरून, म्हणजे झेप घेण्याच्या चौथऱ्यावरून, तोल जाऊन इशाऱ्याआधीच पाण्यात पडला आणि बाद ठरला. एका सहकाऱ्याने आपली जागा सोडल्यामुळे तो अथेन्सला त्या शर्यतीत पोहू शकला आणि तेथे त्याने सुवर्णपदक जिंकले. मुलाला रडू आवरत नसेल, तर ही हकिगत सांगण्यासारखी आहे. निर्णय चुकीचा वाटल्यास आक्षेप नोंदवण्याची ठरलेली पद्धत असते. तो संघाच्या जबाबदार प्रतिनिधीने ठराविक मुदतीत लेखी द्यायचा असतो. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या नियमांनुसार ही मुदत शर्यत संपल्यापासून तीस मिनिटांची आहे. पालकांनी पंचांच्या टेबलाशी जाऊन वाद घातल्याने निर्णय बदलत नाही. आई किंवा बाबा भांडताहेत हे दृश्य मात्र मूल पुढच्या शर्यतीत सोबत घेऊन उतरते.

शर्यतीच्या सुरुवातीची शिस्तही पालकांनी जाणून घ्यावी. रेफरीच्या छोट्या शिट्ट्या झाल्या की पोहणाऱ्यांनी वरचे कपडे उतरवून तयार व्हायचे, मोठी शिट्टी झाली की ब्लॉकवर चढायचे आणि स्टार्टरच्या सूचनेनंतर निश्चल राहायचे. त्या क्षणी गॅलरीत पूर्ण शांतता हवी. नावाने मारलेली एक हाक किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश यांमुळे शेजारच्या लेनमधले मूलही दचकून पाण्यात पडू शकते. इशारा झाल्यावर हवे तेवढे ओरडावे. प्रोत्साहनाची खरी जागा तीच आहे.

सामानाविषयी फार लिहीत नाही, कारण त्याची यादी प्रशिक्षक देतातच. दोन गोष्टींचा मात्र आग्रह धरावासा वाटतो. नवा गॉगल किंवा नवा स्विमसूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा कधीही वापरू देऊ नये. तो आधी सरावात वापरून पाहावा आणि गॉगलचा व कॅपचा एकेक जादा नग पिशवीत ठेवावा. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये २०० मीटर बटरफ्लाय पोहताना पाणी भरले आणि तरीही तो स्ट्रोक मोजत विश्वविक्रमासह जिंकला. दहा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा आपण ठेवू शकत नाही. दुसरी गोष्ट ऊब टिकवण्याची. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने शरीराची उष्णता वाहून नेते, आणि दोन शर्यतींमध्ये कधी कधी तासन्‌तास थांबावे लागते. ओला पोशाख अंगावर ठेवून बसलेले मूल गारठते, स्नायू आखडतात आणि सकाळी केलेला वॉर्म-अप वाया जातो. कोरडे टॉवेल, पायमोजे आणि अंगभर गरम कपडे एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. खाण्याच्या बाबतीत सवयीचे आणि पचायला हलके तेच थोडे थोडे द्यावे, आणि तहान लागली नाही तरी पाणी प्यायला लावावे, कारण पाण्यात असताना आलेला घाम कळत नाही. एनर्जी ड्रिंक नावाने मिळणारी उत्तेजक पेये मुलांना मुळीच देऊ नयेत. ताप असेल तर प्रशिक्षकांना कळवून नाव मागे घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

शर्यत संपल्यावर मुलाने आधी प्रशिक्षकाकडे जावे आणि मगच पालकांकडे यावे, असा नियम काही क्लब पाळतात. तो सर्वांनी पाळावा असे मी सुचवीन. कोपर कोठे खाली आले, टर्न कोठे चुकला हे सांगण्याचे काम प्रशिक्षकाचे आहे, आणि दोन तोंडांनी दोन सूचना मिळाल्या की मूल गोंधळते. पालकाने कोरडा टॉवेल पुढे करावा आणि मूल स्वतःहून काय सांगते ते ऐकावे. ‘वेळ किती लागली?’ हा प्रश्न पहिला नसावा. ती वेळ फलकावर दिसलेली असतेच, आणि आपण नाराज आहोत की खूश, हे मुलाने आपल्या चेहऱ्यावरून आधीच वाचलेले असते. दुसऱ्या मुलाच्या वेळेचा उल्लेख तर घरी परततानाही टाळावा.

यातील कोणतीही गोष्ट खर्चाची किंवा अवघड नाही. क्लबांनी वर उल्लेखिलेली माहिती अर्ध्या-पाऊण तासाच्या बैठकीत सांगावी आणि शक्य असल्यास एका पानावर छापून द्यावी. आयोजकांनी हीटची यादी स्पर्धेच्या आदल्या दिवशी उपलब्ध करून द्यावी, म्हणजे शर्यतींमधील अंतर पाहून विश्रांती आणि खाणे यांचे नियोजन करता येईल. उद्घोषकाने स्पर्धा सुरू होण्यापूर्वी फ्लॅश व शांतता यांविषयी सूचना द्यावी आणि हीट कशा लावल्या आहेत व क्रमांक कसे लागणार आहेत हे दोन वाक्यांत सांगावे. टाइमकीपरांची टंचाई तर प्रत्येक स्पर्धेत असते. ज्या पालकांना काठावरून ही व्यवस्था समजून घ्यायची असेल त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन या कामात सामावून घेतल्यास आयोजकांची सोय होईल, आणि पंचांविषयी सर्वांत कमी तक्रारी याच पालकांकडून येतील, असा माझा अनुभव आहे.

आपली नम्र,
एका जलतरणपटू मुलीची आई