व्हिसा सोपा, पेपराची घडी अवघड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या अवघड व्हिसांवर लेख आला आहे. त्यात उत्तर कोरियाचा व्हिसा मिळणं 'जवळपास अशक्य' असं एका वाक्यात उरकलं आहे. पासपोर्टवर त्या देशाचा शिक्का बसला की अमेरिकेचं दार कायमचं बंद, असंही पुढे म्हटलं आहे. दोन्ही विधानं चूक आहेत; आज सीमा उघडी आहे का हा प्रश्न वेगळा, त्याबद्दल शेवटी. सप्टेंबर २०१८च्या अखेरीस मी तिथे सहा दिवस राहून आलो. त्यात एकतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून काढलेली, त्यामुळे छापील चूक दिसली की अजूनही हात लाल पेनाकडे जातो. म्हणून हे पत्र.

माझा पुतण्या लंडनला असतो, ब्रिटिश पासपोर्टवर. त्याच्या डोक्यातलं हे खूळ. 'काका, मे महिन्यात आपले राज्यमंत्री व्ही. के. सिंह जाऊन आले, आपल्याला काय धाड भरलीय,' म्हणाला. बेजिंगच्या एका सहल कंपनीकडे त्याने आमची नावं नोंदवली. त्या देशात एकट्याने, आपल्या आपण जाताच येत नाही. सरकारमान्य कंपनी, ठरलेला कार्यक्रम, ठरलेलं हॉटेल आणि सोबत दोन मार्गदर्शक, हे सगळं आधी पक्कं होतं, मग व्हिसा. त्यासाठी दूतावासाच्या दारात ताटकळावं लागलं नाही. पासपोर्टची प्रत, एक फोटो आणि एक-दोन पानांचा फॉर्म ईमेलने पाठवला की कंपनीच तो पुढे सरकवायची. मुंबईत काही देशांच्या व्हिसासाठी बँकेची सहा महिन्यांची पानं, मालमत्तेचे कागद आणि जावयाचं पत्र जोडावं लागतं. त्या मानाने हे काहीच नाही.

माझं घोडं अडलं ते 'व्यवसाय' या रकान्यात. मी प्रामाणिकपणे लिहिलं: निवृत्त, मुद्रितशोधक, दैनिक वृत्तपत्र. दोन दिवसांत कंपनीचं उलट टपाल. पत्रकार आणि व्यावसायिक छायाचित्रकार यांना पर्यटक म्हणून प्रवेश नाही. तुम्ही नक्की काय करत होता ते तुमच्या कार्यालयाकडून लिहून आणा. आणि खाली एक ओळ: माहिती लपवली आणि नंतर उघडकीला आली तर आमच्यावर आणि मार्गदर्शकांवर बालंट येतं. ती ओळ तेव्हा मी नुसती वाचली. तिचा अर्थ पुढे कळला.

पत्र आणायला जुन्या कार्यालयात गेलो तर व्यवस्थापक हसायलाच लागले. 'एकतीस वर्षं इथे काढलीत आणि आता तुम्ही पत्रकार नव्हता असं लिहून हवंय?' शेवटी लेटरहेडवर लिहून मिळालं की सदर गृहस्थांनी आमच्याकडे एकही बातमी लिहिलेली नाही, ते केवळ शुद्धलेखन तपासत. निवृत्तीच्या निरोप समारंभात माझं इतकं खरं वर्णन कुणी केलं नव्हतं! व्हिसा मंजूर झाला.

खरा घोटाळा चीनच्या व्हिसात झाला. रेल्वेने जाऊन रेल्वेने परत यायचं तर चीनमध्ये दोनदा प्रवेश करावा लागतो, म्हणजे दुहेरी प्रवेशाचा व्हिसा हवा. आमच्या गावातल्या एजंटाने एकाच प्रवेशाचा काढून आणला आणि वर 'चालतंय ओ' म्हणाला. तसाच गेलो असतो तर परतताना सीमेवर अडकलो असतो. पुन्हा पैसे, पुन्हा मुंबई. लेखात याबद्दल एक अक्षर नाही.

आता शिक्क्याबद्दल. पर्यटकांचा व्हिसा पासपोर्टला चिकटवत नसत. घडीचं निळसर कार्ड असायचं, फोटो लावलेलं. बेजिंगमध्ये निघण्याआधी प्रवाशांना तासभर समज देत, तिथे ते हातात पडायचं आणि देश सोडताना काढून घेत. माझ्या पासपोर्टवर त्या देशाची काडीइतकी खूण नाही. त्याच बैठकीत काय न्यायचं नाही तेही सांगितलं: दक्षिण कोरियाची पुस्तकं, जीपीएसची उपकरणं, मोठ्या भिंगांचे कॅमेरे. मोबाइल चालतो, पण २०१३च्या आधी तोही सीमेवर ठेवून घेत. धार्मिक पुस्तकांबाबत फार जपून राहायला सांगितलं. २०१४ मध्ये एक अमेरिकी पर्यटक मुद्दाम बायबल मागे ठेवून निघाला आणि पाच-साडेपाच महिने अटकेत राहिला. मी पिशवीतला हरिपाठ बेजिंगच्या हॉटेलात सामानाबरोबर ठेवून दिला. तसाही तो पाठ आहे.

संध्याकाळी बेजिंगहून गाडी निघाली, सकाळी चीनच्या सीमेवरचं दांदोंग आलं, मग यालू नदीचा पूल ओलांडला की उत्तर कोरियातलं सिनुइजू. तिथे गाडी दोनेक तास उभी. गणवेशातले अधिकारी डब्यात येऊन प्रत्येकाची बॅग उघडतात. माझ्या बॅगेत बायकोने लसणीच्या चटणीचा डबा दिला होता, तेल गळू नये म्हणून आमच्याच दैनिकाच्या पानात गुंडाळलेला. अधिकाऱ्याने डबा बाजूला ठेवला आणि कागद बर्थवर पसरून हाताने सरळ केला. एका बाजूला हळदीचे भाव, दुसऱ्या बाजूला निधनवार्ता. सौद्यांच्या आकड्यांवरून त्याने बोट फिरवलं, मग निधनवार्तेतल्या एका नऊवारीतल्या आजींच्या फोटोवर ते टेकवून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडून डोळे मिटून दाखवले. त्याला समजलं असावं. कागद घडी करून त्याने परत दिला, आणि डब्याचा वास घेऊन लगेच झाकण लावलं. इतक्या बारकाईने आमचा पेपर कुणी वाचलेला मी पाहिला नाही.

राजधानी प्योंगयांगला दोन मार्गदर्शक स्टेशनवरच भेटले, एक तरुण मुलगी आणि एक चाळिशीचा गृहस्थ. पासपोर्ट त्यांनी जमा करून घेतले. मुलगी मला 'हाराबोजी' म्हणायची, म्हणजे आजोबा. हॉटेल ताएदोंग नदीतल्या बेटावर होतं. संध्याकाळी हॉटेलच्या आवारात फिरा, पूल ओलांडायचा नाही. मन्सू टेकडीवर किम इल सुंग आणि किम जोंग इल या दोन्ही दिवंगत नेत्यांचे प्रचंड पुतळे आहेत, तिथे ओळीत उभं राहून वाकायचं. फोटोत पुतळा पायापासून डोक्यापर्यंत पुरा यायला हवा. सैनिकांचे फोटो नाहीत. आमच्यातला एक जर्मन कुरकुरला की वाकणार नाही. वाकावं लागेल हे बेजिंगमध्येच सांगितलं होतं. मान लवत नसेल तर घरी बसावं, असं माझं मत. आपला पैसा तिथल्या सरकारच्या खिशात जातो हेही खरं आहे, आणि त्या कारणाने जे जात नाहीत त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मे डे स्टेडियममधल्या सामूहिक कवायतीचं सर्वात स्वस्त तिकीट शंभर युरो होतं. ते मी काढलं.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. हॉटेलात 'प्योंगयांग टाइम्स' हा इंग्रजी पेपर मिळाला, पहिल्या पानावर नेत्याचा मोठा फोटो. नेत्याचा फोटो असलेला कागद टाकायचा नाही, दुमडायचा नाही, हे आम्हाला बजावलं होतं. पण हाताची सवय! बसमध्ये चाळून झाल्यावर चार घड्या घातल्या आणि झोळीत कोंबला. मुलगी समोरच्या सीटवर होती. तिने काही न बोलता हात पुढे केला. पेपर मांडीवर ठेवून तळहाताने फोटोवरच्या सुरकुत्या दाबत राहिली, पण आडवी घडी नेमकी चेहऱ्यावरून गेली होती, ती काही जाईना. मग तिने त्याची सैल गुंडाळी केली, आणि मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर तिचा सहकारी खिडकीबाहेर बघत होता. बराच वेळ तो बाहेरच बघत राहिला. गुंडाळी तिने स्वतःच्या पिशवीत ठेवली. मला परत दिली नाही, मीही मागितली नाही.

कंपनीची ती ओळ मला तेव्हा समजली. फॉर्मवर सही माझी होती, पण जाब त्या मुलीला विचारला गेला असता. हल्ली मोबाइलवर लोक फुशारकी मारतात, मार्गदर्शकाचा डोळा चुकवून कसे निसटलो, चोरून काय टिपलं. ते टिपून झाल्यावर ते विमानात बसतात. पाहुण्याचंही प्रत्येक वेळी निभावतंच असं नाही. ओटो वॉर्मबियर हा अमेरिकी विद्यार्थी हॉटेलातला एक घोषणाफलक काढल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये पंधरा वर्षांची सक्तमजुरी घेऊन बसला आणि जून २०१७ मध्ये बेशुद्धावस्थेत मायदेशी पोचून काही दिवसांत गेला. १ सप्टेंबर २०१७ पासून अमेरिकेने आपल्या पासपोर्टवर तिथे जायला बंदी घातली. म्हणजे अमेरिकेचे नागरिक झालेले आपले मराठी बांधव ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते) खिशात असलं तरी जाऊ शकत नाहीत.

अमेरिकेच्या दाराचं म्हणाल तर ते बंद होत नाही, पण वाट बदलते. ब्रिटिश पासपोर्टवर पुतण्या पूर्वी व्हिसाविना, नुसत्या ऑनलाइन परवानगीवर अमेरिकेला जायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये नियम आला: १ मार्च २०११ नंतर ज्याने उत्तर कोरियात पाऊल ठेवलं त्याला ती सवलत नाही. आम्ही जाऊन आल्यानंतर दहा महिन्यांनी! आता त्याला रीतसर व्हिसा काढावा लागतो. आपल्याला तो तसाही काढावा लागतोच. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत माझ्या मुलीकडे जायचं होतं, तेव्हा पाच वर्षांतल्या प्रवासाच्या रकान्यात मी तो देश लिहिला. खिडकीपलीकडच्या बाईंनी का गेला होता विचारलं, मी कवायत बघायला म्हटलं. व्हिसा मिळाला. सगळ्यांना मिळेलच असा दावा नाही, पण शिक्का नाही म्हणून देश गाळण्याचा शहाणपणा कुणी करू नये.

आता तातडीचं. जानेवारी २०२० मध्ये त्या देशाने सीमा बंद केल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये फक्त रशियन पर्यटकांना आत घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईशान्येकडचा रासोन भाग इतरांसाठी उघडला आणि काही आठवड्यांत पुन्हा मिटला. जुलै २०२५ मध्ये वोन्सानच्या किनाऱ्यावर नवी हॉटेलं सुरू झाली, तीही परदेशी पाहुण्यांपैकी रशियनांनाच. प्योंगयांगमधल्या आपल्या दूतावासाचंही तसंच. तो जुलै २०२१ पासून बंद होता, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेव्हा तुमचा लेख वाचून कुणी सहलीची आगाऊ रक्कम भरायला निघालं असेल, तर भारतीय पासपोर्टवर आज प्रवेश आहे का, आणि सीमा मध्येच बंद झाली तर पैसे परत मिळतात का, हे दोन प्रश्न कंपनीला लेखी विचारावेत.

शिक्क्याच्या आणि 'अशक्य' व्हिसाच्या विधानांची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती. जाता जाता आणखी एक: लेखात देशाचं नाव अकरा ठिकाणी 'कोरीया' असं छापलं आहे. त्यातला 'रि' ऱ्हस्व.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सांगली