सहार विमानतळावरच्या काउंटरवरच्या ताईंना

ताई,

तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या असाल, तरी ताईच म्हणतो. कोटावरची नावाची पट्टी वाचायचं त्या रात्री सुचलंच नाही. मे 2024, क्वालालंपूरचं विमान. कऱ्हाडहून आलेलो आम्ही तिघं: मी, बायको आणि 76 वर्षांची आई, नऊवारीत, पहिल्यांदाच विमानाला. त्यावरून आठवलं तर आठवेल.

आमच्या एजंटने दोन महिने एकच पालुपद लावलं होतं, "साहेब, व्हिसा फ्री आहे. पासपोर्ट घ्यायचा नि महाबळेश्वरला निघाल्यासारखं निघायचं." मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय, हे मीही पेपरात वाचलं होतं. पण 1 जानेवारी 2024 पासून पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाने डिजिटल अरायव्हल कार्ड (प्रवाशाच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म) भरायचं असतं, हे त्या गृहस्थाच्या गावीही नव्हतं. तुम्ही "अरायव्हल कार्ड?" विचारलंत आणि मी आपला पुन्हा पासपोर्टच पुढे केला.

एजंटला सात फोन केले. उचलला नाही. (दुसऱ्या दिवशी दहा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा अंगठा आला.) मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. तुम्ही एवढंच म्हणालात, "काका, बाजूला बसून भरा. परत रांगेत उभं राहू नका, थेट माझ्याकडे या." घाईत मी उघडलेली पहिलीच साइट माणशी पैसे मागत होती, ती तुम्ही बंद करायला लावलीत. सरकारी फॉर्मला एक रुपयाही पडत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. तीन फॉर्म कसे भरले ते सांगत बसत नाही. बायकोने भरले, मी घाम पुसला.

मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

पासपोर्टची मुदत, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, सगळं पाहून झाल्यावर तुम्ही आईकडे बघितलंत. "आजींना इंग्रजी येतं का?" मी नाही म्हटलं. "तिकडे एकेकट्याला बोलावतात, काका. व्हिसा लागत नसला तरी आत घ्यायचं की नाही, ते तिथला अधिकारीच ठरवतो. आजी घाबरून गप्प राहिल्या तर उगाच लांबण लागेल." असं म्हणून एका कोऱ्या कागदावर देवनागरीत लिहिलंत: हॉलिडे. फाइव्ह डेज. माय सन. खाली हॉटेलचं नाव. आईचा चष्मा बघून अक्षर चांगलं बोटभर मोठं काढलंत, आणि दोनदा म्हणवून घेतलंत तिच्याकडून.

विमानभर ती हरिपाठ म्हणावा तशी ते पुटपुटत होती. सेपांगला, म्हणजे क्वालालंपूरच्या विमानतळावर, अधिकाऱ्याने तोंड उघडायच्या आत तिने एका दमात सगळं म्हणून टाकलं आणि "माय सन"ला माझ्याकडे बोट केलं. तो हसला, शिक्का मारला. मला मात्र परतीचं तिकीट काढून दाखवायला लावलं.

परत पाठवलेल्या प्रवाशाला आणायचं विमान कंपनीच्या गळ्यात पडतं, म्हणून कागद तपासणं तुमचं कामच, मान्य. पण म्हातारीला वाचता येईल असं लिहून द्यायचं कुठल्या नियमात बसतं? आमच्या पैशांवर कमिशन खाल्लेला माणूस घोरत होता तेव्हा. अशी माणसं मला पूर्वी एसटीच्या चौकशीच्या खिडकीत एखाददुसरं भेटायची. वाटलं होतं, संपली.

चिठ्ठी आईच्या हरिपाठाच्या पुस्तकात आहे. घरी येईल त्याला ती "फाइव्ह डेज" म्हणून दाखवते, चहा नंतर.

आणि हो, गडबडीत तुमचं पेन आमच्याकडेच राहिलं. निळं, टोपण नसलेलं. माफ करा.

तुमचा,
कऱ्हाडचा काका