काका, भरतीची वेळ साधून बाबांना पक्षी दाखवलेत, त्याबद्दल

प्रिय काका,
सा. न.

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं बस ने आता" म्हणून विषय चहावर नेता, म्हणून हे असं सगळ्यांच्या समोर लिहितेय. दुसरंही कारण आहे. ज्यांच्या घरी कोणी व्हीलचेअरवर आहे आणि आता ह्यांचं फिरणं संपलं असं ज्यांनी मनाशी ठरवून टाकलंय, त्यांना तुम्ही नक्की काय केलंत ते कळलं पाहिजे असं मला फार वाटतं.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, त्यानंतर आमच्या घरात पक्ष्यांचा विषयच बंद झाला होता. आधी असं नव्हतं. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, आयुष्यभर कालवे आणि बंधारे कागदावर काढले, आणि गुजरातमधल्या डभोईकडे काम निघालं की वढवाणा तलावावर थांबल्याशिवाय परत यायचे नाहीत. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०९-१० च्या सुमारास शेतीला पाणी द्यायला बांधलेला तो तलाव, ओरसंग नदीचं पाणी वळवून भरलेला, आणि थंडीत त्यावर हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब उतरतात ह्याचं बाबांना केवढं कौतुक! २०२१ मध्ये वढवाणा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, आठवतंय ना तुम्हाला? पण त्यांना बघायचे होते समुद्राचे पक्षी. बंदर, खाडी, मिठागरं, तिथले चिखलातले पक्षी. रिटायर झाल्यावर जाऊ, जाऊ करता करता ते राहिलं आणि मग झटका आला.

मी चौकशी केली नाही असं नाही. एका टूरवाल्याने फोनवरच सांगितलं की मॅडम ओहोटीला दोन-दोन किलोमीटर चिखलात चालायला लागतं, पेशंटचं काम नाही. बाबा शेजारीच बसले होते, स्पीकर चालू होता. नंतर ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

आणि मग तुम्ही जिन्यात भेटलात, मी सहज सांगितलं, आणि तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "दत्तजयंती कधी आहे गं यंदा?" मला वाटलं तुम्हाला गरुडेश्वरला, दत्ताच्या दर्शनाला जायचंय. घरी जाऊन कालनिर्णय बघून सांगितलं तर म्हणालात, "झालं मग, त्याच्या दुसऱ्या दिवशी जामनगर. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण सगळ्यात मोठं असतं, आपण पक्ष्यांकडे जायचंच नाही, पाणी त्यांना आपल्याकडे आणून सोडेल."

हे वाक्य मी तेव्हा नीट समजून घेतलं नव्हतं, आता घेतलंय, म्हणून वाचणाऱ्यांसाठी लिहिते. जामनगरकडे कच्छच्या आखाताचा किनारा अगदी उथळ आहे, ओहोटीला समुद्र लांब सरकतो आणि मैलोन् मैल चिखल उघडा पडतो, सगळे पक्षी त्या चिखलात विखरून खात असतात, किनाऱ्यावरून बघितलं तर नुसते ठिपके. पण भरती चढायला लागली की त्यांची खायची जागा पाण्याखाली जाते, आणि मग ते थव्याथव्यानं मागे सरकत येतात, किनाऱ्यावर, मिठागरांच्या बांधांवर, जिथे कोरडी किंवा उथळ जागा मिळेल तिथे दाटीवाटीनं उभे राहतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. उधाणाची भरती असेल तर चिखल जवळजवळ शिल्लकच राहत नाही, सगळ्यांना यावंच लागतं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी तेवढं चढत नाही आणि पक्षी लांबच राहतात. माझी एक मैत्रीण बरोबर अष्टमीला जाऊन आली होती आणि म्हणाली होती की काही दिसत नाही तिथे.

म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी पंचांग बघून दिवस निवडायचा, एवढीच युक्ती. हे त्या टूरवाल्याला सुचलं नाही आणि मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

वासद, तारापूर, बगोदरा, लिंबडी, राजकोट असा तो सगळा रस्ता तुम्ही बाबांना पुढच्या सीटवर बसवून गप्पा मारत काढलात. काकूंनी दिलेले मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी लिंबडीच्या पुढे एका झाडाखाली खाल्ली. रात्री लॉजवर मी पहाटेचा अलार्म लावायला निघाले तर तुम्ही हसलात, म्हणालात झोपू दे त्याला, उद्या भरती दुपारची आहे, पक्षी घड्याळ बघत नाहीत, पाणी बघतात. आजारी माणसाला पहाटेच्या थंडीत उठवायचं नाही, औषधं वेळेवर, नाश्ता पोटभर, अंघोळ सुद्धा झाली, आणि तरी काही चुकणार नव्हतं. मला तेव्हा किती हलकं वाटलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमच्या आजोळचा कोकणातला हिशोब पण बाबांना फार आवडला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. पण हे कोकण नाही, इथे पाणी आखाताच्या तोंडातून आत शिरत येतं, तोंडाशी ओख्याला भरती आधी लागते आणि आत जामनगरच्या बेडी-रोझी बंदरांना नंतर, म्हणून इथे टाईड टेबल बघायचंच, असं तुम्ही गाडीच्या बॉनेटवर बोटानं आखाताचा नकाशा काढून दाखवलंत आणि बाबांनी डाव्या हाताने त्यात एक खाडी वाढवली.

रोझी बंदराकडच्या रस्त्यावर मिठागरांच्या कडेला तुम्ही गाडी लावलीत, इंजिन बंद केलंत, आणि आम्हाला सांगितलंत की कोणी उतरायचं नाही. माणूस उतरला की थवा उडतो, गाडीला ते घाबरत नाहीत. काकूंच्या डब्यातली तुरीच्या डाळीची पिशवी खिडकीच्या काचेवर ठेवलीत आणि त्यावर दुर्बीण, म्हणजे बाबांचा डावा हात एकटा असला तरी हलणार नाही. इतकी साधी गोष्ट. पिशवीत दुर्बीण अशी रुतून बसली की बाबा पंधरा-पंधरा मिनिटं न थकता बघत होते.

आणि मग पाणी चढलं. आधी तुरळक तुतारी आणि चिखल्या आले, मग शेकाट्या, उचाट्या, मग पाणटिवळ्यांचा असा थवा आला की गाडीच्या टपावरून गेल्याचा आवाज आला, मग आणखी एक, बांधावर जागा उरली नाही तरी येतच होते, एकमेकांना ढकलत, एका पायावर उभे राहत, चोच पाठीत खुपसून झोपायला लागत. पलीकडच्या आगरात रोहित, डोकं उलटं करून चोचीतून पाणी गाळत. तुम्ही बाबांना दोन्ही जाती एकाच वेळी दाखवल्यात, मोठा रोहित फिकट, गुलाबी चोचीचा, टोक काळं, आणि छोटा गडद, त्याची चोच लांबून काळीच वाटते. लांब जेट्टीवर लाल चोचीचा तो केवढा मोठा कॅस्पियन सुरय. बाबा नुसते "हं, हं" करत होते, आणि मी मागच्या सीटवर बसून त्यांच्या मानेकडे बघत होते, कारण उत्साहात ते मान पुढे काढतात ती सवय मी झटक्यानंतर पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तास उशिरा, म्हणून निघणं पण उशिरा. जामनगरजवळच्या बालाचडीला किनाऱ्याजवळ व्हीलचेअर लावली, तुम्ही पक्षी बघायच्या टेलिस्कोपच्या ट्रायपॉडचे पाय पसरून तो खाली आणलात, एक पाय बाबांच्या दोन पावलांच्या मधे, आणि डोळा बरोबर त्यांच्या डोळ्याशी. तिथे क्रॅब प्लोव्हर होते. पांढरेशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, आणि चोच अशी जाड की त्या अंगाला शोभतच नाही. पाणी उतरायला लागलं तसा एक जण चार पावलं धावला, थांबला, परत धावला आणि खेकडा उचलला, आपटला, हलवला, एक नांगी उडाली, आणि मग त्याच्या मागे मागे राखाडी पिल्लू, चांगलं त्याच्याएवढंच मोठं, मान खाली घालून चिवचिवत. त्याने खेकडा पिल्लाला दिला. तुम्ही सांगितलंत की हे अरबस्तानाच्या बाजूला बेटांवर वाळूत बीळ खणून आत घरटं करतात, एकच पांढरं अंडं घालतात, आणि पिल्लू उडून इथपर्यंत आलं तरी हिवाळ्यात आईबाप त्याला भरवत राहतात. बाबांनी ते पिल्लू सोडून दुसरं काही बघितलंच नाही बराच वेळ. दर वेळी फोकस हलला की तुम्ही वाकून परत लावत होतात, आणि मग तुम्ही त्यांचा डावा हात धरून फोकसच्या चाकावर ठेवलात आणि म्हणालात आता तुझं तू. फिजिओथेरपिस्ट कधीपासून तेच करून घ्यायचा प्रयत्न करतोय, बारीक हालचाल, आणि ती त्या वाळूवर झाली, जमत नव्हतं तरी सोडलं नाही.

खिजडियाच्या पक्षी अभयारण्यात तर बाबा पक्षी विसरलेच थोडा वेळ! तो बंधारा बघून. १९२० च्या सुमारास जामनगरचे राजे जामसाहेब रणजितसिंहजींनी खारं पाणी जमिनीत घुसू नये म्हणून बांधलेला, एका बाजूला रुपारेल आणि कालिंद्री नद्यांचं अडवलेलं गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाडी, चिखल, तिवरं. बाबांनी लगेच विचारलं, सांडवा कुठे आहे, पाणी जास्त झालं तर जातं कुठे, आणि तुम्ही कंटाळा न करता सगळं सांगितलंत, एवढंच नाही तर मागे फिरून परत दाखवायला नेलंत. त्यांना कोणी त्यांच्या कामातलं विचारावं किंवा त्यांनी विचारलं तर उत्तर द्यावं असं घरात होत नाही हो, आम्ही सगळे फक्त गोळ्या घेतल्या का एवढंच विचारतो. एका भिंतीमुळे गोड्या पाण्यातली बदकं आणि वारकरी पक्षी इकडे आणि खाऱ्या चिखलातले कुरल तिकडे, एकाच ठिकाणाहून मान फिरवून दोन्ही बघता येतात, म्हणून तर तिथे तीनशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात आणि २०२२ मध्ये खिजडियाही रामसरमध्ये गेलं. बाबांचं म्हणणं वेगळंच होतं, की बांधणाऱ्याने पाण्याचा विचार केला आणि पक्ष्यांचं आपोआप झालं, वढवाण्यासारखंच. मला ते फार पटलं.

संध्याकाळी क्रौंच यायला लागले, ओळीच्या ओळी, तो ट्रम्पेटसारखा आवाज आधी येतो आणि पक्षी नंतर दिसतात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते ऐकायचंच असतं.

जामनगर शहरातल्या लाखोटा तलावाबद्दल मात्र लिहिते. तिथे लोक कुरव पक्ष्यांना गाठिया टाकतात, प्रेमाने टाकतात हे मला कळतं, पण ते तेला-मिठाचं त्यांचं खाणं नाही. तुम्ही त्या लहान मुलीच्या हातातली पुडी न काढून घेता तिला दुर्बीण दिलीत आणि म्हणालात बघ, ह्याच्या डोळ्यामागे काळा ठिपका दिसतोय का. पुडी तिच्या आईच्या पर्समध्ये गेली. हे पण मी शिकून घेतलं.

परत आल्यावर काय झालं ते तुम्हाला अर्धं माहिती आहे. बाबा आता रोज सकाळी गॅलरीत दुर्बीण आणि डाळीची पिशवी घेऊन बसतात, डाव्या हाताने वहीत नोंद करतात, अक्षर वेडंवाकडं येतं पण तारीख, वेळ, वारा कुठून सगळं असतं, ड्राफ्ट्समनच ना शेवटी. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, एशियन वॉटरबर्ड सेन्सस, १९८७ पासून चालू असलेली, त्यात वढवाण्याला जायचं म्हणतात. मी मोजायचं, ते लिहिणार, असं त्यांनी ठरवूनही टाकलंय.

काका, तुमचं वय, तुमचे गुडघे, गाडीचा एवढा लांबचा रस्ता, हे सगळं असताना तुम्ही आलात. पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत त्यावर काकूंशी बोलणार आहे मी, तुमच्याशी बोलून उपयोग नाही. पण बाबांना तुम्ही पेशंटसारखं वागवलं नाहीत, अरे-तुरे करत, चिडवत, चुकीचं नाव सांगितलं तर "नीट बघ की रे" म्हणत नेलंत, त्याचे आभार मानायला माझ्याकडे खरंच शब्द कमी पडतात. मनापासून, खूप खूप आभार.

काकूंना नमस्कार, ठेपल्यांचा डबा शनिवारी आणून देते, रिकामा नाही देणार.

तुमची,
खालच्या मजल्यावरची

ता. क. बाबांनी कालनिर्णयमध्ये माघी पौर्णिमेला पेनने गोल केलाय आणि मला विचारत होते की तुमच्या गाडीचं सर्व्हिसिंग झालं का. तुम्हीच काय ते उत्तर द्या त्यांना.